परसातून निसर्गाचे फोटो: टाळेबंदीत विचारले गेलेले प्रश्न आणि मराठवाड्याच्या उन्हात उपयोगी पडणारी उत्तरं

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. पुण्या-मुंबईत कामाला असलेली कितीतरी मंडळी बीड, लातूर, परभणी, नांदेडकडच्या आपापल्या गावी राहिली. कुणाकडे कॅमेरा होता, बहुतेकांकडे नुसता मोबाइल. हिंडायला अंगण, परस, माळवद आणि फार तर शेतातल्या आखाड्यापर्यंतची वाट. २०२१ च्या उन्हाळ्यातही जवळपास तीच गत झाली. तेव्हापासून वारंवार येणारे प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरं देताना तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: सामान साधं आहे, दुकानं बंद आहेत आणि दुपारी पारा ४२ च्या वर आहे.

आमच्या परसात चिमण्या आणि साळुंक्यांशिवाय काहीच नाही. फोटो कशाचे काढायचे?

आठवडाभर एकाच जागी, एकाच वेळेला बसा आणि दिसेल ते वहीत लिहा. मराठवाड्यातल्या साध्या परसात कडुलिंब, शेवगा, लिंबू आणि कडीपत्ता एवढं असलं तरी उन्हाळाभर पुरून उरेल. एप्रिलमध्ये शेवग्याच्या फुलांवर शिंजीर आणि काळे सुतारभुंगे येतात. शेवग्याच्या वाळक्या फांदीला गोल भोक दिसलं तर ते तांबटाचं असू शकतं. मे महिन्यात नर सरड्याचं डोकं आणि खांदे लाल होतात, तो कुंपणावर चढून जोर मारल्यागत अंग वरखाली करतो. होला, बुलबुल, दयाळ, चिरक, सातभाई, वेडा राघू, कोतवाल, भारद्वाज, पिंगळा हे बहुतेक गावांत आहेतच. मेअखेरीपासून पावशाची हाक ऐकू येते, चातक येतो, आणि मिरगाच्या पहिल्या पावसानंतर जमिनीवर एकदम इतकं काही दिसू लागतं की एक कॅमेरा पुरत नाही.

ज्वारीवर थव्यानं येणाऱ्या भोरड्यांची वाट मात्र मे महिन्यात पाहू नका. त्या हिवाळी पाहुण्या आहेत, तोवर परत गेलेल्या असतात.

फोटोसाठी वेळ कोणती?

मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान उगवतो. सव्वासहा ते साडेआठ ही सकाळची वेळ आणि संध्याकाळी सव्वापाच ते पावणेसात. साडेनऊनंतर जमीन तापते आणि झळा उठतात. लांबच्या लेन्समधून तेव्हा चित्र हलतं, पिसांची रेघ न् रेघ पुसल्यासारखी होते. लेन्स कितीही भारी असली तरी झळांपुढे इलाज नाही. अंतर कमी करणं एवढाच उपाय: ५ मीटरच्या आत त्रास कमी असतो, २० मीटरवर फोटो वायाच जातो.

मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. सावल्या थेट खाली पडतात, पक्ष्याच्या डोळ्यावर काळा डाग येतो. पण पाण्यावर सगळ्यात जास्त गर्दी याच वेळी, अकरा ते चारमध्ये असते. म्हणून पाण्याचं भांडं मुळातच दाट सावलीत ठेवा, म्हणजे दुपारचा उजेडही मऊ मिळतो.

पाण्याचं ठिकाण नीट कसं मांडायचं?

उन्हाळ्यात परसातल्या फोटोग्राफीचा निम्मा भार यावरच असतो, म्हणून जरा सविस्तर.

मातीचं परळ घ्या, तोंडाशी ३० ते ४० सेंमी रुंद. पाणी कडेला २ सेंमी आणि मध्ये फार तर ५ सेंमी. यापेक्षा खोल पाण्यात होला किंवा चिमणी उतरत नाही, आणि पिल्लू पडलं तर बुडतं. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याच्या वर राहू द्या. प्लास्टिकचं घमेलं टाळा, त्यात पाय घसरतात आणि फोटोतही ते डोळ्यांत खुपतं.

परळ जमिनीवर न ठेवता विटांवर ६० ते ७० सेंमी उंचीवर ठेवा. म्हणजे तुम्ही पाटावर किंवा बाजेवर बसलात की लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत येते. वरून खाली काढलेल्या फोटोत पक्ष्याची नुसती पाठ दिसते.

झुडपापासून परळ कमीत कमी २ मीटर दूर असू द्या, कारण मांजर झुडपातच दबा धरते. मात्र पक्ष्याला आधी बसून अंदाज घ्यायला काहीतरी लागतंच. परळाच्या बाजूला अर्ध्या मीटरवर बाभळीची किंवा बोरीची एक वाळकी फांदी रोवा. बहुतेक चांगले फोटो पाण्यावर न मिळता याच फांदीवर मिळतात. फांदी अंगठ्यापेक्षा जाड नको, नाहीतर शिंजीर आणि शिंपी तिच्यामागे लपतात.

मागची बाजू आधी बघा, मगच विटा रचा. फांदीच्या मागे निदान ५ मीटर मोकळं आणि त्यापलीकडे सावलीतली झाडी असेल तर पार्श्वभूमी सपाट हिरवी येते. मागे पांढरी भिंत किंवा पत्र्याचं शेड असेल तर जुनी फिक्या हिरव्या किंवा मातकट रंगाची साडी ३ मीटर मागे ताणून बांधा. ती वाऱ्यानं फडफडली तर पक्षी येत नाहीत, म्हणून खालच्या दोन्ही टोकांना दगड बांधा.

सकाळी बसणार असाल तर पूर्वेकडे पाठ करून बसा. शिंजीर नराचा जांभळा-निळा तजेला ऊन तुमच्या पाठीमागून आलं तरच दिसतो, एरवी तो नुसता काळा येतो.

पाणी रोज बदला आणि नारळाच्या काथ्यानं परळ घासून काढा. शेवाळ काढायला साबण वापरू नका. पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर डास होतात, आणि घाण पाण्यातून पक्ष्यांत रोग पसरतो. एकदा पाणी ठेवायला लागलात की पाऊस पडेपर्यंत त्यात खंड पडू देऊ नका.

पक्षी येतात, पण मी बसलो की उडून जातात.

आडोसा करा. बाज उभी करून तिच्यावर बारदाना किंवा हिरवी शेडनेट टाका, बसल्यावर लेन्स जिथं येते त्या उंचीला १५ सेंमीचं भोक पाडा. कडब्याच्या पेंढ्या रचल्या तरी चालतं. आडोसा उभा केला त्याच दिवशी आत बसू नका. दोन-तीन दिवस तो रिकामा राहू द्या, पक्ष्यांना त्याची सवय होते.

पक्ष्यांना माणसापेक्षा त्याच्या हालचालीची भीती जास्त. लेन्स भोकातून बाहेर काढून इकडेतिकडे फिरवली की सगळं उडतं. ती आतच राहू द्या. पांढरा शर्ट, चकचकीत घड्याळ, मोबाइलचा आवाज या तीन गोष्टी टाळा. सातभाईंनी एकदा कलकलाट केला की अर्धा तास काही येत नाही, तेव्हा नुसतं शांत बसून राहा.

घरातून खिडकीतूनही छान फोटो होतात. खोलीतला दिवा बंद करा. डासांची जाळी असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा आणि अॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येतो ते भोक) पूर्ण उघडं ठेवा. जाळी दिसत नाही, चित्र थोडं धुरकट होतं इतकंच. खिडकीची काच मात्र पुसूनच घ्या.

माझ्याकडे ५५-२५० मिमीची झूम लेन्स आहे. किती अंतरावर बसू?

साधं गणित आहे. अंतराला सेन्सरच्या (कॅमेऱ्यात चित्र उमटतं तो भाग) रुंदीनं गुणा आणि फोकल लेंथनं (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागा, म्हणजे फोटोत किती रुंद जागा मावते ते कळतं. नेहमीच्या डीएसएलआरचा एपीएस-सी सेन्सर साधारण २२ ते २३ मिमी रुंद असतो. २५० मिमीला ३ मीटरवर सुमारे २७ सेंमी, ४ मीटरवर ३६ सेंमी आणि १० मीटरवर ९० सेंमी रुंद जागा येते. बुलबुल साधारण २० सेंमीचा, म्हणजे ३ ते ४ मीटर अगदी योग्य. शिंजीर जेमतेम १० सेंमीचा, त्याला ३ मीटरसुद्धा लांबच. १० मीटरवरून काढलेला शिंजीर नंतर कापून मोठा केला तरी हाती ठिपकाच लागतो. म्हणून मोठ्या लेन्सची खंत करण्यापेक्षा आडोसा दोन मीटर पुढे सरकवा.

ट्रायपॉड नसेल तर जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवा, तिच्यात दीड-दोन किलो ज्वारी भरा आणि वर थोडी जागा रिकामी सोडा. ठासून भरली तर लेन्स नीट बसत नाही.

सेटिंग काय ठेवू? फोटो एकतर हललेले येतात, नाहीतर काळे.

फांदीवर शांत बसलेल्या पक्ष्याला अॅपर्चर एफ/५.६ ते ६.३ आणि शटर १/५०० सेकंदाच्या आसपास. अंघोळीचे शिंतोडे गोठवायचे तर १/१६०० किंवा जास्त. सकाळी साडेसहाला यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ८०० ते १६०० लागतो, आठनंतर ४०० वर भागतं. ऑटो आयएसओ लावून वरची मर्यादा १६०० ठेवली तर हात आणि डोकं दोन्ही मोकळं राहतं. हातात धरून २५० मिमीला १/४०० च्या खाली जाऊ नका.

काळे फोटो येण्याचं कारण बहुतेक वेळा मागचं आभाळ. कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि पक्षी अंधारात जातो. तारेवरच्या कोतवालाला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) +१ ते +१.७ द्या. उलट, उन्हातल्या गायबगळ्याला −०.७ ते −१, नाहीतर पांढऱ्या पिसांत काहीच तपशील उरत नाही.

फोकस एकाच बिंदूवर ठेवा आणि तो बिंदू डोळ्यावर. सगळे बिंदू चालू ठेवले की कॅमेरा जवळची काटकी पकडतो.

फक्त मोबाइल आहे. काही जमेल का?

पक्ष्यांचं अवघड आहे, किड्यांचं आणि फुलांचं उत्तम जमतं. डिजिटल झूम करू नका, त्यापेक्षा पाऊल पुढे टाका. किड्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथंच अडकतो. मग पट्टी थोडी खाली ओढून फोटो किंचित गडद करा, उन्हातले रंग जळत नाहीत.

क्लिपवर बसणारी मॅक्रो (अगदी जवळचं मोठं दाखवणारी) लेन्स नसेल तर बिघडलेल्या लेझर टॉर्चमधली किंवा जुन्या डीव्हीडी प्लेअरमधली इवलीशी काच केसांच्या पिनेत अडकवून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर टेपनं चिकटवा. विषय अगदी एक-दोन सेंटीमीटरवर येईल. मधलाच भाग स्पष्ट येतो, कडा विरघळतात. मुंगळ्याचं डोकं किंवा जास्वंदीचा परागकोश यासाठी तेवढं पुरतं. मात्र हातात धरून जमत नाही. मोबाइल दोन विटांवर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

घरात दुर्बीण असेल तर तिची रबरी कड खाली दुमडा, मोबाइल तिच्या डोळ्याशी धरा आणि काळं वर्तुळ जाईपर्यंत किंचित झूम करा. माळवदावरून समोरच्या कडुलिंबावरचा पिंगळा यात ओळखण्याइतका नक्की येतो.

मॅक्रो लेन्स नाही. साध्या १८-५५ लेन्सवर किडे कसे काढू?

२०२० च्या एप्रिलमध्ये ऑनलाइनही जीवनावश्यक वस्तूच मिळत होत्या, त्यामुळे हा प्रश्न फार आला. लेन्स उलटी लावणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. त्यासाठी रिव्हर्स रिंग लागते. लेन्सच्या तोंडावर ⌀ या खुणेपुढे ५२, ५५ किंवा ५८ असा आकडा असतो, रिंग त्याच मापाची हवी. रिंग नसेल तर लेन्स हातानं उलटी धरूनही काम होतं, फक्त धूळ आत जाते. उलट्या लेन्सवर १८ मिमीला विषय सगळ्यात मोठा दिसतो, ५५ ला कमी. नवशिक्यानं ५५ पासून सुरुवात करावी.

अडचण अॅपर्चरची येते. कॅननमध्ये लेन्स सरळ असताना एफ/८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (फोटोआधीच अॅपर्चर ठरवलेल्या मापाला आणणारं) बटण दाबून धरा आणि तसंच धरून लेन्स काढा. अॅपर्चर तेवढंच राहतं. निकॉनच्या ज्या लेन्सना मागे छोटी दांडी असते, त्यांत ती दांडी कागदाची घडी लावून अर्धी उघडी ठेवा.

एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) असतील तर ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ, एवढं मोठेपण वाढतं. ५० मिमी लेन्सला ३१ मिमीची ट्यूब म्हणजे ०.६ पट वाढ.

मोठेपण वाढलं की स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. खऱ्या आकाराएवढ्या फोटोत एफ/८ ला तो एक मिलिमीटरही नसतो. म्हणून फोकसची रिंग फिरवत बसू नका. श्वास रोखून स्वतःच पुढे-मागे झुला आणि डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबा. दहातले आठ फोटो जातात, ते धरूनच चला. एफ/१६ च्या पुढे गेलात तर सगळंच मऊ पडतं.

फ्लॅशचा उजेड पसरवायला लग्नपत्रिकेतला ट्रेसिंग पेपर उत्तम. पुठ्ठ्याला लेन्सच्या मापाचं भोक पाडून तो तोंडाशी बसवा आणि वरच्या फ्लॅशपासून पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत कागदाची कमान करा. शटर १/२००, एफ/८ ते ११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर १/४ ताकदीला. चतुराच्या डोळ्यावर पांढरा टिळा आला तर कागदाचे दोन थर करा.

लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी आहे. ती काढून टाकू का?

लिंबू मोठं असेल तर राहू द्या. फुलपाखराचा पूर्ण जीवनक्रम घरबसल्या टिपायची याच्याइतकी सोपी संधी नाही. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमन ही फुलपाखरं लिंबू आणि कडीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर एकेक सुटं अंडं घालतात. पिवळसर, गोल, मिलिमीटरभर. तीन-चार दिवसांत अळी निघते. लहानपणी ती तपकिरी-पांढरी असते, पक्षी तिला विष्ठा समजून सोडून देतात. शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते. तिला काडीनं हलकेच हात लावला तर डोक्यामागून दुशिंगी, उग्र वासाचा अवयव बाहेर येतो. हा फोटो एकदाच काढा, पुन्हा पुन्हा डिवचू नका.

पूर्ण वाढलेली अळी काडीला रेशमी पट्ट्यानं स्वतःला बांधून घेते आणि कोष करते. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघतं. आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि आतून पंखांची नक्षी दिसायला लागते. असा कोष दिसला की दुसऱ्या दिवशी पहाटेच कॅमेरा लावून बसा, कारण बाहेर यायला काही मिनिटंच लागतात. नंतर पंख पसरून वाळेपर्यंत मात्र ते तासभर तरी हलत नाही. त्यामुळे बाहेर येणं हुकलं तरी ताज्या, कुठंही न फाटलेल्या पंखांचा फोटो मिळतोच.

रोज एकाच अंतरावरून, एकाच बाजूनं फोटो घ्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. कोषाला बारीक भोक दिसलं आणि आतून छोट्या गांधीलमाश्या निघाल्या तर तोही निसर्गक्रमच, त्याचेही फोटो घ्या. निदान एका फांदीवर फवारणी करू नका.

घराजवळ घरटं आहे. किती जवळ जाऊ?

घरटं बांधत असताना आणि अंडी असताना जाऊच नका. पक्षी याच काळात घरटं सोडून देतात. पिल्लं मोठी झाल्यावर लांबून, पाच मिनिटं, फ्लॅशशिवाय. आड येणारी फांदी तोडू नका, बांधूही नका: ती सावली गेली तर ४२ अंशांत पिल्लं तासाभरात मरू शकतात. कावळा तुमच्यावर नजर ठेवून असतो, तुम्ही वारंवार जाल तिथं तोही जातो. पक्षी चोचीत चारा घेऊन घरट्यात न जाता ओरडत राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे या. चांगल्या फोटोपेक्षा ती चार पिल्लं उडणं मोठं आहे, यात आम्ही तडजोड करत नाही.

रात्री काही करता येईल?

पहिल्या पावसानंतर पतंगांसाठी बाजेवर पांढरी चादर ताणा आणि समोर दिवा लावा. घरच्या एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात म्हणून कमी पतंग येतात. जुना सीएफएल असेल तर तोच लावा. अमावास्येच्या आसपास, आठ ते दहा. दहाला दिवा बंद करा आणि चादर हलकेच झटका, नाहीतर सकाळी पक्षी सगळे पतंग टिपून खातात. चादरीवरचा भुंगेरा अंगावर चिरडू नका, काहींच्या अंगातल्या रसानं फोड येतात.

दगडांच्या बांधावर नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारली तर विंचू हिरवट-निळा चमकतो. कॅमेरा टेकवून एफ/८, आयएसओ ८००, ४ सेकंद. हात दगडात घालू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. गुडघ्यापर्यंत बूट आणि दुसऱ्या हातात साधी टॉर्च, त्याशिवाय रात्री परसात उतरू नका.

मिरगाचा किडा फोटोत नुसता लाल गोळा दिसतो. मखमल येत नाही.

लाल रंगाची पातळी कॅमेऱ्यात भरून जाते, एकूण उजेड बरोबर दिसत असला तरी. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) लाल रेघ वेगळी बघा. ती उजव्या कडेला टेकली असेल तर −१ करा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्यानं संस्कार न केलेली मूळ फाइल) काढा. थेट उन्हात न काढता अंगाची सावली किड्यावर पाडा, कॅमेरा ओल्या जमिनीवर ठेवा आणि बाजूनं काढा. मग एकेक केस दिसतो. पावसानंतरच्या पहिल्या काही सकाळीच तो वर असतो, ऊन चढलं की मातीत जातो.

उन्हाचा, धुळीचा आणि सॅनिटायझरचा कॅमेऱ्यावर परिणाम होतो का?

तिन्हींचा होतो. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच वापरायचे असतात. आडोशात ओल्या फडक्याची सावली वरून करा, फडकं कॅमेऱ्याला लागू देऊ नका. काळ्या रानाची धूळ फार बारीक असते: लेन्स घरात, पंखा बंद करून बदला आणि तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. सॅनिटायझर लेन्सच्या काचेवर किंवा कॅमेऱ्याच्या रबरावर लावू नका. हात साबणानं धुऊन, कोरडे करून कॅमेरा धरलात की झालं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला. तांदूळ नको, त्याचा भुगा आत जातो. दर चार दिवसांनी दाण्यांचा रंग बघा, बदलला असेल तर तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरा.

नाव कुठं शोधायचं, आणि नोंद कुठं करायची?

आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर फोटो टाकला की जाणकार नाव सुचवतात, पक्ष्यांसाठी ईबर्ड आहे. ९ मे २०२० च्या ग्लोबल बिग डेला (जगभर एकाच दिवशी पक्ष्यांच्या नोंदी करायचा उपक्रम) अनेकांनी घराच्या आवारातूनच याद्या भरल्या होत्या. यादी करताना सलग १५ मिनिटं बसा आणि दिसलेला प्रत्येक पक्षी लिहा, चिमणी आणि कावळासुद्धा. नुसते दुर्मीळ लिहिले तर यादीचा उपयोग राहत नाही. घरट्याचं नेमकं ठिकाण उघड करू नका, आयनॅचरलिस्टवर ते धूसर ठेवायची सोय आहे. पुढच्या वर्षी तुलना करायची असेल तर फोटोवर तारीख-वेळ बरोबर हवी. बॅटरी फार दिवस काढून ठेवली की कॅमेऱ्याचं घड्याळ मागे पडतं किंवा पुन्हा मूळ तारखेला जातं, म्हणून बसण्याआधी ते मोबाइलशी जुळवून घ्या.